तहाचे टेबल

"गोल नको," मॅडम म्हणाल्या.

मिस्त्रींनी टेबलाचे चित्र दोन्ही हातांनी समोर धरले होते. ते त्यांनी आणखी थोडे पुढे केले, न जाणो, मॅडमना लांबून नीट दिसले नसेल. गेला आठवडाभर रोज कामावरून आल्यावर ते या चित्रापुढे बसले होते. टेबलाच्या कडेला वेलबुट्टी होती, पायांना नाजूक बाक होता, आणि मधोमध दोन रंगांच्या लाकडांचे तुकडे जुळवून केलेले एक फूल होते.

"गोल असलं म्हणजे कोणी वर नाही, कोणी खाली नाही," ते म्हणाले. "सगळे सारखे."

"तेच तर. पणजोबांच्या काळात आम्हाला असंच गोल टेबलाशी बसवलं होतं, सगळे सारखे म्हणून. आमच्या प्रतिनिधीची खुर्ची नेमकी दारापाशी आली. दार उघडलं की खुर्चीला लागायचं. चहावाला आत आला की हा उठायचा, चहावाला बाहेर गेला की हा पुन्हा उठायचा. अशा उठाबशा काढता काढता अर्धं खोरं हातचं गेलं. आमच्याकडे तिसरीच्या पुस्तकात आहे हे."

"आमच्याकडे चौथीच्या पुस्तकात आहे," पलीकडून छत्रीवाले साहेब मृदू आवाजात म्हणाले. "तुमचा माणूस झोपला होता म्हणून."

मिस्त्रींनी चित्राची गुंडाळी केली.

मिस्त्री म्हणजे सरकारी अतिथिगृहाचे सुतार. तळ्याकाठच्या त्या लांबलचक पिवळ्या इमारतीत त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली होती. फुगलेली दारे तासायची, अडकलेले खण मोकळे करायचे, वजनदार पाहुण्यांनी मोडलेल्या खुर्च्यांना नवे पाय लावायचे. हातात कसब होते, निदान त्यांचे स्वतःचे तरी तसे ठाम मत होते. पण ते दाखवायची वेळ कधी आली नाही. नवे सामान कारखान्यातून यायचे आणि मोडले की मिस्त्रींकडे. घरीही तीच तऱ्हा. स्वयंपाकघरासाठी टेबल करतो, करतो म्हणत त्यांनी इतकी वर्षे काढली की शेवटी बायकोने दुकानातून तयार आणले. त्या टेबलाशी जेवताना ते आजही ताटाबाहेर नजर जाऊ देत नसत.

निवृत्तीला काही महिने उरले असताना व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून घेतले. दूरच्या दोन देशांत एका खोऱ्यावरून तीन पिढ्या हाणामारी चालली होती. तहाची बोलणी करायला दोघांनाही परकी आणि निरुपद्रवी जागा हवी होती, ती या तळ्याकाठी सापडली होती. मंत्री येणार, छायाचित्रकार येणार, सगळे जग बघणार. "आणि टेबल," व्यवस्थापक म्हणाले, "तुम्ही करायचं."

मिस्त्री त्या दिवशी तरंगतच घरी गेले.

तरंगणे फार टिकले नाही. मंत्र्यांच्या आधी दोन्ही बाजूंचा एकेक अधिकारी पाहणीला येऊन उतरला. एका बाजूच्या मॅडम उंच, तुरुतुरु चालणाऱ्या, पिशवीत स्वतःची मोजपट्टी बाळगणाऱ्या. दुसऱ्या बाजूचे साहेब किरकोळ बांध्याचे, आभाळ स्वच्छ असले तरी हातात छत्री. एकाला सोडून दुसऱ्याने बोलण्यांच्या दालनात पाऊल टाकायचे नाही असा नियम असल्यामुळे दोघे सदान्‌कदा बरोबर असत, आणि बरोबर असणे दोघांनाही जड जात असे.

"मग लांबट करू," मिस्त्री म्हणाले.

लांबट आकार साहेबांना चालेना. लांबट टेबलाला डोके असते आणि डोक्याशी कोण बसणार हा प्रश्न असतो. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या राजाला मॅडमच्या राजाने मेजवानीला बोलावले आणि लांबट टेबलाच्या पायथ्याशी, तेही बुटक्या स्टुलावर बसवले. राजाची हनुवटी ताटाला टेकत होती.

"दोनशे वर्षं झाली त्याला," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, आमच्याकडे ठेंगण्या मुलाला अजून 'स्टुलावरचा' म्हणून चिडवतात," साहेब म्हणाले. ते स्वतः ठेंगणे होते.

मग लाकडाचा विषय निघाला. सागवान बाद, कारण खोऱ्याच्या उतारावर सागवानच होता आणि तो कोणाचा हेच तर ठरायचे होते. देवदार मॅडमच्या नाण्यावर होता. शिसवी ज्या देशातून यायचे त्याने मागच्या लढाईत साहेबांच्या शत्रूला, म्हणजे मॅडमना, तोफा विकल्या होत्या. जगात तहाच्या कामाचे लाकूड शिल्लक राहिले नाही तेव्हा व्यवस्थापक खाकरले आणि म्हणाले, "प्लायवूड?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. प्लायवूडला कसलाच इतिहास नव्हता.

प्लायवूड ठरले. पण त्यावर अजून सनमायका चढायचा होता. लाल रंग एका झेंड्यात, हिरवा दुसऱ्यात. निळा एकाच्या आरमाराचा. पांढरा म्हणजे शरणागती. काळा म्हणजे सुतक. तपकिरी म्हणजे साहेबांच्या फौजेचा गणवेश. शेवटी मिस्त्रींनी वैतागून नमुन्यांच्या तळाशी पडलेला राखाडी तुकडा वर काढला. "हा मळखाऊ आहे," ते म्हणाले.

"चालेल," दोघे एकदमच म्हणाले, आणि एकमत झाल्याचे लक्षात येताच दोघेही ओशाळले. "म्हणजे वर विचारावं लागेल," साहेबांनी सावरून घेतले. मॅडमनीही घाईघाईने मान डोलावली.

आकाराचे सूत्र जुळायला मात्र आणखी बरेच दिवस गेले. साहेबांच्या बाजूला एकच अखंड टेबल हवे होते, कारण खोरे अखंड आहे. मॅडमच्या बाजूला दोन टेबले हवी होती, कारण देश दोन आहेत. तोडगा असा निघाला की दोन टेबले समोरासमोर लावायची, पण मध्ये फट ठेवायची. किती? तर कागद जाईल आणि बोट जाणार नाही एवढी.

"कोणाचं बोट?" मिस्त्रींनी विचारले. त्यांनी थट्टेने विचारले होते. उत्तर यायला दोन दिवस लागले.

ज्या माणसाने आयुष्यभर सांधे दिसू नयेत म्हणून धडपड केली, त्याला आता एक फट नजरेत भरेल अशी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी, करायची होती.

*

"टेबल राहिलं बाजूला," मिस्त्री घरी जेवताना म्हणाले, "हे ऑफिसातलं कारकुनी सामान झालं. राखाडी."

"मळखाऊ आहे म्हणता ना," बायको म्हणाली. "पुसायला बरं."

खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, लाकडाचा भुसा बाहेर झटकून येत जा. माझ्या डोळ्यांत जातो."

"आईंना सांग," मिस्त्री ताटातून मान वर न करता म्हणाले, "हा प्लायवूडचा भुसा आहे. याला उडायचीही अक्कल नाही."

लग्न झाल्यापासून सासूबाई याच घरात होत्या, आणि लग्न झाल्यापासून जावई आणि सासू एकमेकांशी बायकोमार्फत बोलत. भांडण असे कधी झाले नव्हते. पण खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर पहिल्या वर्षी दोघांचाही डोळा होता, ती सासूबाईंनी जिंकली, आणि तेव्हापासून घरात युद्धविराम होता. बायको भाजी वाढता वाढता दोन्हीकडचे निरोप पोचवी, आणि त्यातले टोचणारे शब्द मधल्या मध्ये गाळून टाकी.

"हे खोरं खोरं म्हणतात," सासूबाई म्हणाल्या, "त्यांना विचार, कुठलं खोरं ते. नदी डावीकडे वळते आणि वळणावर मोठा बोडका खडक आहे, तेच का."

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. मिस्त्रींनी मान वर केली. दालनाच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी आणलेले दोन नकाशे लागले होते. त्या दोघांत तीनच गोष्टी सारख्या होत्या. त्यातली एक नदीचे वळण होते.

"तेच," ते म्हणाले. गडबडीत ते थेट सासूबाईंशीच बोलले.

"मग माझं गाव तिथलं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, विचारा जमलं तर. गावाची वाट चालू आहे का आता."

लहानपणी त्या आईबरोबर लांबून कुठूनसे आल्या एवढेच मिस्त्रींना माहीत होते. कुठून ते त्यांनी कधी विचारले नव्हते. बायकोने विचारले होते, पण विचारले की सासूबाई नेहमी इथल्या पाण्याला चव नाही यावरच घसरत, आणि तिथेच विषय संपे.

दुसऱ्या दिवशी मॅडम खुर्च्यांची उंची मोजत असताना (साहेब दालनाच्या दुसऱ्या टोकाला ती पुन्हा मोजत होते) मिस्त्रींनी हळूच विषय काढला. गावाचे नाव त्यांनी कागदावर लिहून आणले होते, कारण ते उच्चारायला अवघड होते.

मॅडमनी नाव वाचले आणि भुवया चढवल्या. "हे त्यांनी दिलेलं नाव आहे. आमच्या कागदांत या जागेला वेगळं नाव आहे."

मिस्त्री तोच कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "हे तर यांचं नाव. आमच्याकडे या गावाला असं कोणी म्हणत नाही."

"पण सासूबाई म्हणतात."

तेवढे एक वाक्य ऐकून दोघांनीही कान टवकारले. त्या वळणावरचे ते गाव जळाले होते. कोणी जाळले यावर दोन्ही देशांत जाडजूड पुस्तके होती, एकाच्या पुस्तकात दुसरा आणि दुसऱ्याच्या पुस्तकात पहिला. आणि गाव जळण्याआधी तिथे राहिलेले माणूस दोघांपैकी कोणाकडेच शिल्लक नव्हते. दुपारी मॅडमनी मिस्त्रींना खांबाआड गाठले. "तुमच्या सासूबाईंना भेटता येईल? यांना न कळता." संध्याकाळी साहेबांनी त्यांना जिन्यात गाठले आणि तेच विचारले.

मिस्त्रींना नाही म्हणता येत नसे. ते बायकोला म्हणाले, "मॅडमना शनिवारी बोलावतो, साहेबांना रविवारी."

"मी एका आठवड्यात दोनदा घर आवरणार नाही," बायको म्हणाली. "काय तो चहा एकदाच होईल."

*

रविवारी दुपारी मॅडम फुले घेऊन आल्या आणि साहेब बिस्किटांचा डबा घेऊन आले. मॅडम वर पोचून जिन्यात वाकून पाहत होत्या, साहेब खालून चढत होते, आणि दाराशी दोघांची गाठ पडली. दोघे आपापल्या भाषेत काहीतरी पुटपुटले. मिस्त्रींना ते कळले नाही, पण सूर कळला.

"या, बसा," बायको म्हणाली. "बूट तिथेच काढा, आत्ताच पुसलंय."

अशा रीतीने दोन्ही देश मोजे घालून स्वयंपाकघरात येऊन बसले. साहेबांनी बोलणे टिपायचे छोटे यंत्र टेबलावर ठेवले. मॅडमनी स्वतःचे यंत्र काढून त्याच्या शेजारी, किंचित पुढे ठेवले. साहेबांनी आपले तेवढेच पुढे सरकवले.

सासूबाई आपल्या खुर्चीत नवा स्वेटर घालून ताठ बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना भेटायला म्हणून कोणी आले नव्हते, आणि आज एकदम दोन परराष्ट्र खाती आली होती. त्यांचा चेहरा खुलला होता.

"आजी," मॅडमनी सुरुवात केली, "तुमच्या गावात लोक काय बोलायचे?"

"जरा जास्तच बोलायचे."

"तसं नाही. भाषा. आमची की यांची?"

"ते कसं सांगू? पण तुम्ही दोघं आत्ता दारात एकमेकांना जे म्हणालात ना, ते मला कळलं. दोघांचंही."

मॅडम लाल झाल्या. साहेबांनी बिस्किटांचा डबा उघडायला घेतला आणि त्याचे झाकण निघेना. बायकोने चहा ओतला.

"शाळा होती?" साहेबांनी विचारले. "शाळेत नकाशा असेल. त्यात सीमा कुठे दाखवली होती, आठवतं का? नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

"नकाशा होता एक. तो बोकडानं खाल्ला."

"पूर्ण?"

"काठी ठेवली."

मग सासूबाई सुटल्या. गावात घरे किती आणि कोणाची हे विचारल्यावर त्यांनी पहिल्या घरापासून सुरुवात केली. पहिल्या घरात एक बहिरा न्हावी होता आणि तो गिऱ्हाइकाने काय सांगितले याची पर्वा न करता सगळ्यांचे केस सारखेच कापी. दुसऱ्या घरात त्याची मेहुणी, तिला उंदरांची भीती. त्यापलीकडे एक बाई राहायची, ती सासूबाईंच्या आईची पिठाची चाळण घेऊन गेली आणि ती तिने परत केली नाही.

"ही चाळणवाली बाई," मॅडम पुढे सरसावल्या, "ती कोणाच्या बाजूची?"

"ती स्वतःच्याच बाजूची होती. आई सांगून सांगून थकली. आज देते, उद्या देते. चाळण काही आली नाही." साठ-सत्तर वर्षांनंतरही सासूबाईंचा आवाज चढला. "चांगली पितळी काठाची होती."

मिस्त्री ओट्याला टेकून ऐकत होते. हसू दाबताना त्यांचे पोट हलत होते. तीस वर्षे ज्या बाईने आपल्याशी भुशापलीकडे विषय काढला नाही, ती इतकी गोष्टीवेल्हाळ आहे हे त्यांना आजच कळत होते. बायकोही हातात किटली घेऊन तशीच उभी राहिली होती. तिलाही यातले काही ठाऊक नव्हते. चहा गार झाला, दुसरा झाला. साहेबांनी टाय सैल केला. मॅडम चाळणीच्या बाजूने बोलू लागल्या.

शेवटी साहेबांनीच घसा साफ केला. "आजी, ते सैनिक आले त्या दिवशी. ते कोणाचे होते?"

दोन्ही यंत्रांवरचे लाल दिवे जळत होते.

"तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते," सासूबाई म्हणाल्या. "आईनं मला पाठीवर घेतलं होतं. म्हणाली, बघायचं नाही. म्हणून मी तोंड तिच्या पाठीत खुपसलं. मला तिच्या झग्याची शिवण दिसत होती. कापड गडद होतं आणि दोरा पांढरा. घाईत टीप मारली असणार. तीच बघत होते मी, नदी ओलांडेपर्यंत."

"आवाज?" मॅडमनी हलकेच विचारले. "ते काय ओरडत होते? कोणत्या भाषेत?"

"ओरडत गावातली माणसं होती. ते हसत होते." सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. त्यात दोष देणे नव्हते. शाळेत प्रश्नाचे उत्तर न आलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला होता. "हसण्यावरून कसं सांगू मी?"

साहेबांनी आपले यंत्र बंद केले. थोड्या वेळाने मॅडमनीही केले. कोणाचे आधी बंद झाले याकडे त्या वेळी दोघांचेही लक्ष नव्हते.

निघताना मॅडम सासूबाईंपुढे वाकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. साहेब छत्री विसरले आणि जिन्यातून परत आले. बायकोने खिडकीतून पाहिले तर दोघे समोरच्या थांब्यावर बाकाच्या दोन टोकांना बसले होते. बस आली तेव्हा साहेब चढले आणि मॅडम पुढच्या बसची वाट बघत बसून राहिल्या. एकाच बसने जायची परवानगी नव्हती.

*

बोलण्यांचा दिवस उजाडला तेव्हा मिस्त्रींनी दाढी दोनदा केली. दोन राखाडी टेबले समोरासमोर होती, मधली फट सुतासारखी सरळ होती, खुर्च्या केसाच्याही फरकाने वरखाली नव्हत्या. मंत्री आले. छायाचित्रकारांनी जागा पकडल्या. मिस्त्री दाराबाहेर पाचरी आणि हातोडी घेऊन बसले, व्यवस्थापक म्हणाले होते म्हणून. गरज पडेल असे दोघांपैकी कोणालाच वाटले नव्हते.

अर्ध्या तासात आत बोलावणे आले. साहेबांच्या मंत्र्यांनी लिहायला कोपर टेकले की टेबल डुगडुगत होते. प्लायवूडचा दोष नव्हता, मिस्त्रींच्या हाताचाही नव्हता, म्हणजे असे मिस्त्रींचे म्हणणे. दालनाची फरशीच जुनी होती आणि खिडकीकडे दबली होती. ते सगळ्या जगासमोर गुडघ्यांवर बसले, टेबलाखाली शिरले आणि एका पायाखाली पातळशी पाचर सारली. टेबल गप्प झाले.

"एक मिनिट," मॅडमचे मंत्री म्हणाले. "त्यांचं टेबल वर उचललं गेलं आहे."

"पाचरीएवढंच साहेब," मिस्त्री टेबलाखालून म्हणाले.

"तेवढीच पाचर आमच्याही टेबलाला द्यावी."

"पण तुमचं हलत नाहीये."

"तो मुद्दा नाही."

मिस्त्रींनी मॅडमकडे पाहिले. मॅडम छताकडे पाहत होत्या. मिस्त्रींनी या टेबलालाही तेवढीच पाचर दिली, आणि इतका वेळ ठोंब्यासारखे उभे असलेले ते टेबल डुगडुगायला लागले. ते थांबवायला दुसऱ्या पायाखाली दुसरी पाचर आली. तेव्हा पहिल्या बाजूने हरकत घेतली की त्यांच्या दोन आणि आमची एकच. दुपारपर्यंत दोन्ही टेबलांच्या आठही पायांखाली पाचरी होत्या, दोन्ही टेबले बोटभर वर आली होती, दोन्ही तालात डुलत होती, आणि मधली फट एका टोकाला बोट जाईल इतकी झाली होती. मिस्त्रींच्या पाठीला बाक आला होता. प्रत्येक वेळी ते बाहेर आले की छायाचित्रकार त्यांचाच फोटो काढत होते.

जेवणाच्या आधीच मंत्री उठले. निवेदन वाचले गेले: बोलणी खेळीमेळीत झाली, पुढची फेरी पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात होईल, फर्निचरचा प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवण्यात येईल.

दालन रिकामे झाले. मिस्त्री पायरीवर डोके धरून बसले. तीन पिढ्यांचे भांडण मिटायला आले होते आणि ते आपल्या पाचरीवर मोडले, असे त्यांना वाटत होते. मॅडम बाहेर आल्या, क्षणभर थांबल्या आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"मिस्त्री, बोलणी कालच मोडली होती. फोनवर. आज फक्त फोटो होता."

मिस्त्रींना हायसे वाटले, आणि लगेच त्याहून जास्त वाईट वाटले. मग इतके दिवस त्या फटीसाठी जीव काढला तो कशाला, हे विचारावेसे वाटले. पण मॅडमचाही चेहरा उतरला होता.

"तुमच्या सासूबाईंनी वाटेबद्दल विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मी चौकशी केली. साहेबांनीही केली त्यांच्याकडे. वाट बंद आहे. दोन्ही बाजूंनी सुरुंग पुरलेत आणि कुठे पुरलेत याची नोंद दोघांकडेही नाही. गाव म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिले. "त्यांना सांगा. नाहीतर नका सांगू. तुम्हीच ठरवायला हवं."

*

घरी बायको नव्हती, बाजारात गेली होती. सासूबाई खिडकीशी होत्या. मिस्त्रींनी कपडे जिन्यात झटकले, आत आले आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. निरोप पोचवायला घरात तिसरे माणूस नव्हते.

"आई," ते म्हणाले, "वाट बंद आहे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "जेवलात का?"

"नाही."

"ती येईलच आता."

मिस्त्रींना काहीतरी विचारायचे होते, इतक्या वर्षांचे विचारायचे राहिलेले, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. शेवटी त्यांना जे विचारता येत होते तेच त्यांनी विचारले.

"तुमच्या घराचं दार कसं होतं हो, आई? एका फळीचं की दोन?"

सासूबाईंनी मान वळवली. "दोन."

"आत उघडायचं की बाहेर?"

"आत. करकरायचं फार. सगळ्या गल्लीला कळायचं कोण आलं ते."

"बिजागरी कोरडी पडली असणार. तेल घालायला हवं होतं. आणि कडी?"

"कडी होती की. लोखंडाची, जाड."

"किती उंचावर?"

सासूबाई खुर्चीचे दोन्ही हात धरून उठल्या. सावकाश चालत भिंतीपाशी आल्या. तिथे त्यांनी उजवा हात वर केला, थोडा विचार केला, आणि आणखी वर केला.

"इथे," त्या म्हणाल्या. "नाही, याच्याही वर. माझा हात पोचायचा नाही."

एवढ्या उंचीवर कडी लावलेले दार मिस्त्रींनी जन्मात पाहिले नव्हते. त्यांनी खिशातली मोजपट्टी काढली, तिचे टोक पायाच्या अंगठ्याने जमिनीशी दाबून धरले आणि पट्टी भिंतीलगत वर सरकवत नेली, सासूबाईंच्या बोटांपर्यंत आणि बोटांच्याही थोडी वर.

"तशाच धरा हात," ते म्हणाले.

सासूबाईंनी दुसरा हात त्यांच्या खांद्यावर टेकला, टाचा उचलल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.